रोपांना लुगडी

१७ ऑगस्ट १९८२

शेजारचा वीरण्णा बाजारातून बातमी घेऊन आला. लातूर जिल्हा झाला. आमचं बोरतळ उदगीरहून जळकोटला जाणाऱ्या वाटेवर आहे तिथंच आहे, पण आपण आता उस्मानाबादचे राहिलो नाही, लातूरचे झालो. मी बाजेवर पडूनच विचारलं, "अन् पाऊस कोणत्या जिल्ह्यात गेला?"

"त्याचा नकाशा अजून निघाला न्हाई," म्हणाला.

उदगीरच्या अडतीत सगळ्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झालीत म्हणे. किल्ला आपला, रेल्वे आपली, अन् जिल्हा मात्र लातूरचा. किल्ल्यावरून जिल्हा मिळत असता तर बाजेवरून मला राज्य मिळायला पाहिजे होतं.

ही डायरी अडतवाल्यांनी दिलेली. मी त्यांच्याकडं मापाडी होतो, जन्मभर धान्य मापलं. शाळा पाहिली नाही. पोत्यांवरची अक्षरं अन् पुडीचे कागद वाचून जे आलं ते आलं. दर दिवाळीला डायरी मिळायची अन् माझी बायको शिवम्मा ती पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवायची. तिला जाऊन या भाद्रपदात वर्ष होईल. आता घर सुनेच्या हातात. बसम्मा डब्याला डब्याचंच झाकण लावते. म्हणून डायरी माझ्याकडं आली.

१९ जानेवारी १९८३

मधे लिहिण्यासारखं काही घडलं नाही. मूग गेला. ज्वारी गुडघ्यापर्यंत येऊन थांबली, जशी काही वाट विचारायला थांबावी.

सकाळी बसम्मा म्हणाली, "मामा, बाज झिजून राहिली."

मी म्हणालो, "मन्मथला सांग, उदगीरहून नवा सुंभ आणील." मन्मथ म्हणजे माझा लेक, तिथं दुकानात आहे. ती सूप उचलून मागं गेली.

दुपारी ओट्याखाली चांगुणा येऊन उभी राहिली. बौद्धवाड्यातली. नवरा गेला, म्हातारी आई आहे, तिला नीट दिसत नाही. गायरानावर सरकारनं रोपवाटिका काढली ती हिच्याकडं दिली आहे. पिशव्यांत माती भरून कडुलिंब, करंज, चिंच, सुबाभूळ लावलंय. मृगापर्यंत रोपं जगली तर बारमाही काम तिलाच मिळणार. नाही जगली तर घराला कुलूप लावून, आईला घेऊन नांदेडला वीटभट्टीवर भावाकडं. तिनंच सांगितलं हे, रडून नाही, भाजीचा भाव सांगावा तसं.

"आप्पा, मला मापाचं माणूस पायजे. विहिरीला पाणी थोडं अन् रोपं लई. माझ्या हातानं कुणाला जास्त जातं, कुणाला कमी."

"माझी तब्येत बरी नसते, बाई."

"मग तब्येत घेऊनच या की. तिलाबी बसवू लिंबाच्या बुडाला."

मी रिकामा आहे हे तिला कोणी सांगितलं, देव जाणे. बसम्माला विचारणार होतो, पण ती तेव्हा चुलीत फुंकर घालत होती, तिचं तोंड दिसलं नाही.

२ फेब्रुवारी

तेलाच्या डब्याचं बूड कापून माप केलं. प्रत्येक पिशवीला एक माप, न सांडता. मापात पाप नसावं, हे माझं जन्माचं व्रत. चांगुणा मागनं येते अन् टोकते.

"आप्पा, सुबाभूळ मागून राहिलं बघा. लिंब न्हाई मागत."

"मागणाऱ्याला जास्त अन् गप बसणाऱ्याला कमी, हे आमच्या अडतीत चालत नव्हतं."

"अडतीत?" ती पदर तोंडाला लावून हसली. "अडतीत तर तेच चालत होतं की, आप्पा."

मी माप भरलं अन् लिंबालाही तेवढंच घातलं.

एक गोष्ट मनाला लागते. कुंपणाकडची शेवटची ओळ. तिथं पोचेपर्यंत पाणी संपतं. रोज तिला अर्धंमुर्धंच मिळतं. मापाड्याच्या हातून असं व्हावं!

तांब्या मी घरूनच नेतो, प्यायच्या पाण्याचा. जुनी सवय. चांगुणाचा पाण्याचा डेरा सावलीला असतो.

९ मार्च

ऊन एकदम चढलं. पानांच्या कडा जळाल्यासारख्या झाल्यात, तपकिरी, कुरकुरीत. तहान आहे, दुसरं काय. आजपासून पहिल्या ओळींना दीड माप. विहीर खाली गेली आहे, दोर पुरत नाही, चांगुणानं आणखी एक दोर जोडला. ओढताना तिचे हात सोलपटले. मी ओढतो म्हणालो तर म्हणाली, "तुम्ही विहिरीत पडलाव तर मला दोन कामं."

२१ मार्च

मापं वाढवली तसं जास्तच जळत चाललंय. पुढची सुबाभळं पार गेली. पाणी देऊन मरतात, असं कुठं पाहिलं नाही मी.

पिशव्यांतल्या मातीवर पांढरी साय आली होती. मला वाटलं, कुणी विभूती टाकली. सोमवार होता, आमच्यातल्या बाया कुठंही विभूती टाकतात. बोटानं उचलून कपाळाला लावली. मग काय वाटलं कोण जाणे, बोट जिभेला लावलं. मीठ!

विहीर खाली गेली, खाली गेली तशी खारी झाली. ते पाणी मी मापून मापून, न सांडता, एकेका रोपाला पाजत होतो. तहानेल्याला मिठाचं पाणी, अन् ते कासावीस झालं की आणखी मिठाचं पाणी.

चांगुणाला सांगितलं. ती मेलेल्या पिशव्या एका बाजूला रचत होती. रचतच राहिली. त्यापेक्षा टोमणा बरा होता.

घरी येऊन जेवलो नाही. बसम्मानं ताट झाकून ठेवलं अन् म्हणाली, "मामा, उद्या लवकर जायचंय न्हवं?"

४ एप्रिल

एक कोडं. ज्या शेवटच्या ओळीला मी दोन महिने मापात मारलं, तीच धड आहे! बुटकी आहे, पानं बारकी, रंग जरा काळपट. पण कडा शाबूत. चांगुणानं आज मनापासून हसून घेतलं.

"मापात पाप केलंव ते फळलं बघा, आप्पा!"

पुष्कळ विचार केला. थंडीत थोडी थोडी तहान सोसली, मीठही थोडंच पोटात गेलं, म्हणून ऊन आलं तेव्हा ही रोपं घाबरली नाहीत. लाडावलेल्या ओळींना एकाच महिन्यात ऊन, तहान अन् मीठ, तिन्ही पाहुणे एकदम आले. तीन पाहुणे म्हणजे तिप्पट काम नसतं, हे कुठल्याही बाईला विचारा. एकाला जेवण हवं, एकाला अंथरूण, अन् एकाला गाडी गाठायची. घर मोडतं ते त्या ओढाताणीत.

वीरण्णाला हे सांगितलं. तो म्हणाला, "तू मापाडी होतास तेव्हा बरा होतास. कमी बोलत होतास."

१३ एप्रिल

शेतीच्या मासिकाचं एक पान मिळालं, पोह्याच्या पुडीला होतं. त्यात लिहिलंय, पानाला डोळ्यांना न दिसणारी बारीक तोंडं असतात. रोप तहानलं की तोंडं मिटतं, आतली ओल जाऊ नये म्हणून. अन् उन्हानं तापलं की तोंडं उघडतं, घाम गाळून अंग गार करायला. पुढचं पान दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेलं.

पण मला पुढचं पान न वाचता कळलं. ऊन म्हणतं तोंड उघड, तहान म्हणते मिट. नव्या सुनेची गत. सासू म्हणते बोलू नको, नणंद म्हणते बोलत का नाही.

हे बसम्मासमोर मोठ्यानं वाचलं. ती भाकरी थापत होती. "अन् सासरा काय म्हणतो?" म्हणाली.

उद्या जयंती. चांगुणा येणार नाही. पाणी मीच घालायचं. "विहिरीत पडू नका," असं दोनदा सांगून गेली.

१५ एप्रिल

काल एकटाच होतो. बौद्धवाड्याकडून गाण्यांचा आवाज येत होता, निळी निशाणं दिसत होती. पाणी घातलं, घामानं भिजलो, उपरणं झाडून समोरच्या दोन रोपांवर वाळत टाकलं अन् लिंबाखाली पडलो. डोळा लागला.

उठलो तेव्हा उन्हं कलली होती. आजूबाजूची रोपं माना टाकून, अन् उपरण्याखालची दोन ताठ! पानं उघडी, जशी काही सकाळच आहे. पाणी तेवढंच, माती तीच, खारटपणा तोच. फक्त ऊन काढून घेतलं होतं.

म्हणजे असं. पाणी वाढवणं माझ्या हातात नाही. मीठ काढणं नाही. पण सावली आहे. सावली दिली की तहान कमी, तहान कमी की खारं पाणी कमी घालायचं, ते कमी की कडा जळत नाहीत. एक ओझं उतरवलं की बाकीची दोन आपोआप हलकी.

तांब्या घरीच विसरलो होतो हे तेव्हा ध्यानात आलं. चांगुणाच्या डेऱ्यातलं पाणी प्यालो. फार गार होतं.

आज चांगुणाला दाखवलं. तिनं दोन्ही रोपं पाहिली, उपरण्याकडं पाहिलं. "अन् बाकीच्यांला? तुम्हाला उपरणी किती हायती?"

मी म्हणालो, "गावात लुगडी आहेत."

२६ एप्रिल

काल मठात भजनानंतर बोललो. झाडं, ऊन, तहान, मीठ, नवी सून, सगळं सांगितलं. जुनी लुगडी द्या म्हणालो. पुरुषमंडळींनी माना डोलावल्या. गुरुपादप्पानं आमच्या लिंगायतांच्या रीतीनं हात जोडले, म्हणाला, "शरणार्थी, आप्पा, लई चांगलं बोललात," अन् चप्पल घालून निघून गेला. एकही लुगडं नाही. वीरण्णा म्हणतो, लुगडी गड्यांकडं मागितलीस, आता धोतरं बायांकडं माग.

चांगुणानं मात्र आज बोरूच्या काड्यांचे मांडव उभे केले. "लुगडी आली न्हाईत तर?" मी विचारलं. "मग काड्या तरी हायत," म्हणाली. तिच्या आईनं नांदेडला जायचं बोचकं बांधून ठेवलंय म्हणे. रोज सोडते, रोज बांधते, काही राहिलं तर नाही ना बघायला.

२९ एप्रिल

भाषणाला पिकायला तीन दिवस लागले! सकाळपासून ओट्यावर लुगडी येऊन पडून राहिलीत. हिरवी, जांभळी, विटकी, ठिगळाची. माणसानं मनापासून बोलावं, कुठं ना कुठं रुजतं. बसम्माला तसं म्हणालो. ती पाय शेकत बसली होती. तीन दिवस या घरी, त्या घरी हिंडत होती. या पोरीला फिरायची हौस फार.

गुरुपादप्पाची बायको नागम्मा स्वतः आली. लुगडं हातातच ठेवून म्हणाली, "देते, पण मला धुऊन परत पायजे. अन् तुमच्या हातानं, तिच्या नको."

चांगुणा खाली उभी होती. तिनं ऐकलं. म्हणाली, "अक्का, धुऊन देते. दोनदा." नागम्मानं लुगडं ओट्यावर ठेवलं, मग काय मनात आलं, उचलून चांगुणाच्या हातात दिलं अन् तरातरा गेली. मला वाटतं, तिला घाई असावी.

आमच्या घरची दोन बसम्मानं दिली. वीरण्णानं विचारलं, "शिवम्माची ट्रंक?" मी म्हणालो, तिची किल्ली कुठं पडली कोण जाणे.

४ मे

गायरान लांबून जत्रेसारखं दिसतं. जाणारी एस.टी. थांबते, लोक विचारतात, लग्न कुणाचं? चांगुणा सांगते, "करंजाचं. नवरदेव चिंच हाय, काळा हाय पण गुणाचा."

आत मात्र चमत्कार आहे. करंजानं निम्मी पानं गाळली अन् उरलेल्यांवर संसार चालवलाय. मला आधी वाटलं, गेलं. पण फांदी ओरखडली तर आत हिरवी. घर भागत नाही तेव्हा शहाणं माणूस आधी सण कमी करतं, तसं. सुबाभूळ भर दुपारी पानं मिटून हात जोडल्यासारखी करतं. जी वाचली ती.

एका ओळीला लुगडं कमी पडतंय. चांगुणानं त्या ओळीकडं पाहिलं अन् मग माझ्याकडं. मी म्हणालो, शिवम्माची लुगडी गडद रंगाची आहेत, गडद रंग ऊन ओढतो. अन् जाड आहेत, हवा खेळणार नाही. शिवाय डांबराच्या गोळ्यांचा वास रोपांना सोसणार नाही.

"हाव," ती म्हणाली. "अन् किल्लीबी न्हाई."

११ मे

दुपारी वावटळ उठली. कोरडी, धुळीची, थेंब नाही. जुनी लुगडी टराटरा फाटली, काही कुंपणात, काही बाभळीवर, एक तर एस.टी.च्या टपावर जाऊन जळकोटला गेलं. मधल्या चार ओळी उघड्या पडल्या अन् ऊन तर विस्तवासारखं. चांगुणा फाटकी धडुती दातांनी गाठी मारून जोडत होती. एका हातानं काठी धरलेली. म्हणाली, "आप्पा, आजचा दिवस निघाला न्हाई तर ह्या ओळी गेल्या. अन् ह्या गेल्या तर मग उरलं काय दाखवायला."

मी घरी गेलो. पळालो असं वीरण्णा सांगतो, पण त्याला वाढवून सांगायची सवय आहे. किल्ली करदोट्याला होती. तिथंच असते.

तिची इरकली लुगडी एकावर एक होती. वास तिचाच होता, गोळ्यांचा नव्हता. वेळ नव्हता, नाही तर बसलो असतो.

चारही नेली. चांगुणानं पहिलं हातात घेतलं, काठावरून अंगठा फिरवला. "काठ लई घट हाय, आप्पा. हे फाटत न्हाई." मग आम्ही दोघांनी मिळून पसरली.

१२ मे

ओळी वाचल्या. खालची रोपं लाल-जांभळ्या उजेडात उभी. बराच वेळ तिथंच बसून होतो. जेवायचं राहून गेलं. चांगुणाच्या आईनं भाकरी अन् ठेचा दिला. तांब्या सापडत नाही कुठं, बरेच दिवस झाले.

९ जून

लातूरहून साहेब आले. तरुण आहेत, नवा जिल्हा, नवी जीप. हातात खुणा केलेली काठी. रोपाशी काठी लावली अन् मान हलवली. नदीकाठच्या रोपवाटिकेतली रोपं कमरेएवढी आहेत म्हणे. आमची गुडघ्याखाली. "उंचीत बसत नाहीत," म्हणाले.

चांगुणाचं तोंड उतरलं. मी पुढं झालो अन् समजावू लागलो. ऊन म्हणतं तोंड उघड, तहान म्हणते मिट, आता सासू-नणंदेचं बघा साहेब... चांगुणानं मागनं माझा सदरा ओढला. "आप्पा, साहेबाचं लगीन व्हायचंय अजून."

साहेब हसले. एक करंज पाहू म्हणून पिशवी उचलायला वाकले. उचलेना. दोन्ही हातांनी ओढली. मूळ पिशवी फोडून खाली जमिनीत उतरलं होतं, वर एक वीत अन् खाली कोण जाणे किती. साहेब उकिडवे बसले, माती उकरून बघू लागले. काठी तिथंच पडून राहिली.

"ही न्यायची कशी?" एवढंच म्हणाले.

चांगुणा म्हणाली, "आजपासून रोज थोडी सरकवीन पिशवी, साहेब. एकदम ओढलं तर रुसतंय. आठ-दहा दिवसांनी गाडी पाठवा. पर एक सांगते, ही लावली की मागं टँकर घेऊन हिंडायला लागायचं न्हाई."

साहेबांनी कागदावर काही लिहिलं. जाताना म्हणाले, पुढच्या वर्षी पिशव्या वाढवून पाठवतो, खारं पाणी आहे तर मीठ निचरावं म्हणून मातीत मिसळायला वाळूही. पुढच्या वर्षी! चांगुणा "हाव" म्हणाली अन् विहिरीकडं वळली. बराच वेळ तिकडंच दोर गुंडाळत उभी होती. दोर गुंडाळायला एवढा वेळ लागत नाही.

लुगड्यांची कल्पना कुणाची, असं साहेबांनी विचारलं होतं. "आप्पांची," ती म्हणाली. ते खरंच आहे.

२१ जून

रोपं गाडीत चढून गेली. मृग तसाच चालला आहे, ढग येतात अन् उदगीरवाल्यांसारखे रुसून जातात. पण रोपांची फिकीर वाटत नाही मला.

आज लुगडी परत केली. चांगुणानं सगळी धुतली, नागम्माचं दोनदा. बाईचं लुगडं रिकामं परत देऊ नये अशी रीत आहे, पदरात काही घालावं लागतं. चांगुणानं प्रत्येक पदरात एकेक रोप बांधलं. ती अन् बसम्मा घरोघर फिरल्या, बहिणी-बहिणींसारख्या खिदळत. या दोघींची एवढी ओळख कधी झाली?

नागम्मानं रोप दारात लावलं अन् पाणी किती घालायचं ते विचारायला चांगुणाला ओट्यावर बसवून घेतलं. चहा होईपर्यंत. मी जाताना पाहिलं. दोघी करंजावरून वाद घालत होत्या.

शेवटी माझी पाळी. चांगुणाचे हात रिकामे.

"माझी लुगडी?"

"तुमची न्हाई देत, आप्पा."

"अगं, असं कसं?"

"पुढल्या उन्हाळ्याला लागतील. तसला काठ गावात दुसऱ्या कुणाचा न्हाई. पसरायला तुम्हीच या. दुसऱ्याला मी हात लावू देणार न्हाई त्येला."

मी बसम्माकडं पाहिलं. घरची सून, तिनं तरी बाजू घ्यावी. ती म्हणते, "बरोबरच हाय की, मामा."

"पुढला उन्हाळा!" मी म्हणालो. "तोवर मी असेन का, याचा कुणी विचार केलाय?"

"असावंच लागंल," चांगुणा म्हणाली. "लुगडी तुमची हायत."

ही काय रीत झाली? वस्तू अडकवून माणूस बांधून ठेवायचा. अडतीतसुद्धा असं चालत नव्हतं. अन् ठेवलीत कशात, तर साध्या पत्र्याच्या डब्यात, मी विचारून घेतलं. कसर लागेल. इरकली लुगड्यात लिंबाचा वाळला पाला घालावा लागतो, तोही घडी घडीला वेगळा, हे तिला कुठलं ठाऊक. उद्या सकाळीच जाऊन घालून येतो.